निळ्या डब्यातलं तेल

आमच्या घरात सगळ्यात महाग पदार्थ गाडी पीत असे. आम्ही माणसं रेशनचा तांदूळ खात होतो, कॉफीत चिकोरी जरा सढळ हातानं पडायची आणि दिवाळीचे लाडू वनस्पती तुपात वळले जायचे. साजूक तूप फक्त देवापुढच्या नीरांजनाला. पण अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पांढऱ्या सेकंडहँड गाडीच्या इंजिनात मात्र परदेशी कंपनीचं, सीलबंद निळ्या डब्यातलं तेल जायचं. साधं तेल यशवंतपूरच्या बाजारात कुठल्याही दुकानात पिंपातून मापानं काढून मिळे, आणि तेही निम्म्याहून कमी भावात. अण्णा त्या पिंपांवरून जाताना धोतर सावरावं तशी पँट वर उचलत. स्वतःच्या चपलेला त्यांनी तीनदा टाच बसवून घेतली होती. आई एकदा म्हणाली, "गाडीला एवढं भारी पाजता, माझ्या गुडघ्याला चोळायला स्वल्प द्या की." अण्णांनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि सांगितलं की गुडघ्याला ग्रेड वेगळा लागेल.

आम्ही यशवंतपूरला एका वठारात राहत होतो. वठार म्हणजे एका अंगणाभोवती ओळीनं आठ बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक नळ. पलीकडे रेल्वेचं जंक्शन होतं. डबे जोडताना एकमेकांवर आदळत आणि आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणत. वारा बाजाराकडून आला की घरभर कांद्याचा वास सुटे. आम्ही जुने बेंगळूरकर मराठी. मूळ गाव कुठलं, असं कुणी विचारलं की अण्णा तीनशे वर्षं मागे जात आणि तिथंच रमत, त्यामुळे गावाचं नाव कधी येतच नसे. आमची मराठी पुण्याच्या पाहुण्यांना समजायला एक दिवस लागायचा आणि दुसऱ्या दिवशी ते निघून जायचे. अण्णा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. सगळ्या वठारात चारचाकी आमची एकटीची, आणि ती अंगणाच्या तोंडाशी अशी उभी असे की नळावर जाणाऱ्या प्रत्येक बाईला घागर कमरेवरून डोक्यावर घ्यावी लागे.

तेलाच्या कंपनीचं एक रंगीत पत्रक अण्णांनी पंचांगात जपून ठेवलं होतं. त्यात एका इंजिनाचं पोट फाडून दाखवलेलं होतं. डावीकडे साधं तेल पिऊन काळंठिक्कर पडलेलं पिस्टन, उजवीकडे निळ्या डब्यावर वाढलेलं गोरंपान. पाहुणे आले की चहा यायच्या आधी पत्रक येई. अण्णा ते मनापासून समजावत, आणि मी तेव्हा इतकी लहान होते की माणसाच्या पोटातही असंच काहीतरी असणार या भीतीनं बाजारातली भजी खायचं सोडलं होतं. पुढं मोठी झाल्यावर लक्षात आलं, की ते पत्रक तेल विकणाऱ्यांनीच छापलेलं होतं. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग कुणी छापायचं? तेल न विकणाऱ्यांनी?"

या सगळ्याला एकच नास्तिक होता, तो म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ, माझा रघुकाका. के. आर. पुरमला त्याचं गॅरेज होतं. दिवसभर इंजिनात हात घालणारा माणूस. नखांच्या कडा कायमच्या काळ्या, आणि आई त्याला पानावर बसवताना पाट मुद्दाम जुना द्यायची. त्याच्या गॅरेजात कोपऱ्यात एक पिंप होतं आणि येईल त्या गाडीला त्यातलंच तेल. रविवारी तो जेवायला आला की पहिला भात संपेपर्यंत दोघं भाऊ गोडीनं बोलत. सारभात वाढला की तेल निघायचं.

"अण्णा, तुझा डबा आणि माझं पिंप, दोन्ही कारखान्यातनंच येतं की. तुझ्या डब्याला झाकण आहे, एवढाच फरक."

"झाकण आहे म्हणूनच विश्वास आहे. तुझ्या पिंपात काय पडतंय, कुणाला गोत्तु?"

"काय पडणार? मी रोज बघतो. वेळेवर बदललं की झालं, कुठलंही असो. तू वर्षातून एकदा बदलतोस, खंडेनवमीला. मुहूर्तावर!"

"भारी तेल वर्षभर टिकतं, म्हणूनच भारी. तुझ्यासारखं दर अमावास्येला बदलायला नको."

आई ताक वाढून दोघांची तोंडं बंद करायची. दोघं भांडत असले तरी एकाच पानातलं लोणचं दोघं खात. पण एका रविवारी प्रकरण लोणच्याच्या पलीकडे गेलं. त्या काळी असल्या गाडीचं इंजिन लाख किलोमीटरच्या आत एकदा तरी उघडावं लागायचंच. बोअर करायचं, रिंगा बदलायच्या, हे ठरलेलं. अण्णा म्हणाले, "माझं उघडणार नाही. लाख होईपर्यंत नटसुद्धा हलणार नाही." काका म्हणाला, "झाले ना, तर माझं पिंप तुझ्या दारात आणून पालथं घालतो. नाही झाले, तर उरलेला जन्म तू माझ्या पिंपातलं घालायचंस." अण्णांनी हात धुतलेला नव्हता तरी तो पुढे केला. गाडीच्या डायलवर आकडे पाचच होते, म्हणजे लाख झाले की तिथं पाच शून्यं दिसणार. एवढा मोठा सगळा खटाटोप शून्यासाठी आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

या पैजेत माझा गळा नाहक सापडला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, जे. पी. नगरला कॉलेजात जायची. दोन बस, दोन्हीत उभी, आणि दारात गाडी! मला गाडी चालवायची होती. हौस म्हणा, हट्ट म्हणा. त्या वयात मला दुसरं काहीही इतकं हवं नव्हतं. अण्णा म्हणत, "शिकाऊ पोर क्लचवर पाय ठेवून बसते, इंजिनाचं आयुष्य जातं. नलू, लाख होऊ दे. शून्यं दिसली की दुसऱ्या दिवशी मी स्वतः तुला शिकवीन." तोवर स्टिअरिंगला हात लावायला बंदी. मी रोज कॉलेजातून आले की चप्पल काढायच्या आधी खिडकीतून डायल बघायची. गाडी जितकी जास्त फिरेल तितकं माझं लवकर होणार होतं. पण अण्णा गाडी जपत असल्यामुळे ती फिरतच नसे, कारण फिरली की झिजणार. तीन वर्षं मी त्या आकड्यांची वाट बघत होते. उकळत ठेवलेल्या दुधाची जशी बघतात तशी, आणि खाली गॅस बंद.

खरं सांगायचं तर मी थांबले नाही. काकाच्या गॅरेजमागं मोकळं मैदान होतं. शनिवारी "मैत्रिणीकडे अभ्यासाला" म्हणून मी के. आर. पुरमला जायची आणि काका मला दुरुस्तीला आलेल्या गाड्यांवर शिकवायचा. गिअर, क्लच, चढावर गाडी कशी धरायची. बॉनेट उघडून तेल कसं बघायचं तेही त्यानंच शिकवलं. इंजिनात एक लांब लोखंडी काडी असते, ती ओढायची, पुसायची, परत घालायची, परत ओढायची. तिच्यावर दोन रेघा, तेल त्यांच्या मधे असलं पाहिजे. "एवढं कळलं की निम्मी मेकॅनिक झालीस," काका म्हणायचा. लायसन्सही झालं. आईला माहीत होतं. तिनं ते लायसन्स तूरडाळीच्या डब्यात, डाळीच्या खाली ठेवलं होतं, कारण त्या डब्यात अण्णांचा हात कधी जात नसे. अण्णांना तेवढं सांगायचं राहिलं होतं. शून्यं दिसली की त्यांना शिकवू द्यायचं आणि आपण पटापट शिकल्याचं नाटक करायचं, असा माझा बेत होता.

आता माझी स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला जाते, तेव्हा हातात टॅब घेतलेली एक मुलगी फार अदबीनं विचारते, "मॅडम, साधं, सेमी की फुल्ली सिंथेटिक?" जावई फोनवर व्हिडिओ पाठवतो. त्यात कुणीतरी दोन कढयांत दोन तेलं तापवून बघत असतं, आपण काय भजी तळणार आहोत की काय! मी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडते, त्यात जो ग्रेड छापलाय तो असलेलं, बऱ्यापैकी कुठल्याही कंपनीचं घालायला सांगते आणि तारीख चुकवत नाही. त्याच्यापुढं जे उरतं ते श्रद्धेचं खातं. ते मी वाईट म्हणत नाही. श्रद्धा काय चीज आहे हे मी घरातच पाहिलंय. फक्त ती मुलगी जेव्हा म्हणते की "इंजिन लाइफ वाढते मॅडम", तेव्हा मला आमच्या पंचांगातलं ते गोरंपान पिस्टन आठवतं आणि हसू आवरून सही करावी लागते.

त्या वर्षी नवरात्र बसलं तेव्हा डायलवर लाखाला चारच किलोमीटर कमी होते. अण्णांनी गाडी बंद करून झाकून ठेवली आणि स्वतः कारखान्याला बसनं जायला लागले. हिशेब साधा होता. खंडेनवमीला पूजा झाली की मल्लेश्वरमच्या जुन्या देवळात गाडी न्यायची. ते देऊळ आमच्याच लोकांनी बांधलं अशी अण्णांची पक्की समजूत असल्यामुळे तिथं जाताना ते घरमालकासारखे चालत. देऊळ बरोबर चार किलोमीटर. म्हणजे शून्यं थेट देवासमोर दिसणार. काकाला निरोप गेला होता, संध्याकाळी पिंप घेऊन ये.

खंडेनवमी म्हणजे बेंगळूरची आयुधपूजा. या शहरात त्या दिवशी माणसांपेक्षा यंत्रांचे लाड जास्त होतात. बस, रिक्षा, लेथ मशीन, शिवणाचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि शेवंतीचे हार. रस्त्यात जिथं तिथं फोडलेले कोहळे. चुरमुरे आणि बत्ताशांच्या पुड्या ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना. आमच्या घरी आईचा एक नियम होता, तो तिच्या आईकडून आलेला. घरातलं झाडून सगळं लोखंड पाटावर मांडायचं, विळी, अडकित्ता, कात्री, अगदी सुईसुद्धा. आणि एकदा पूजेला बसलं की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे भाजी आदल्या दिवशीच चिरलेली असे आणि नवमीला कुणाचं बटण तुटलं तर तुटलं.

त्या सकाळी अण्णा पोतं अंथरून गाडीखाली शिरले. गाडीनं पूजा उपाशीपोटी घ्यायची नाही, म्हणून तेल त्याच सकाळी बदलायचं हा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी खालचा नट काढला, जुनं काळं तेल घमेल्यात सोडलं, आणि नट, पाने, स्क्रू ड्रायव्हर सगळं रॉकेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर वाळत ठेवलं. तेल पुरतं निथळेपर्यंत आंघोळ उरकावी म्हणून ते आत गेले. मला आईनं फुलांना पिटाळलं होतं. आई हातात सूप घेऊन लोखंड गोळा करत अंगणात आली. पेपरावरचं सगळं चकचकीत लोखंड बघून तिला फार बरं वाटलं असणार. तिनं ते सगळं सुपात घेतलं, पाटावर ओळीनं मांडलं आणि एकेकाला हळदकुंकू लावलं. मग गाडीत शिरून डायलच्या प्रत्येक काचेला गंध लावून त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. तेल कमी पडलं की तिथं एक छोटा तांबडा दिवा लागतो. त्याच्या काचेलाही.

अण्णा आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून बाहेर आले. पेपरावर काही उरलेलं नव्हतं. ज्या माणसानं सारा जन्म स्टोअर सांभाळलं, त्याच्या लेखी पेपर रिकामा म्हणजे जिन्नस जागेवर, नट आपण लावलेलाच. त्यांनी निळा डबा कपाळाला लावला, सील तोडलं, आणि धार सोडली. खाली घमेल्यात ती धार परत पडत होती. पण वठारात आठ घरांच्या आठ घंटा चालू होत्या, कोपऱ्यावर लाऊडस्पीकर होता आणि पलीकडे मालगाडी जोडत होते. डबा संपला. अण्णांनी काडी ओढली, पुसली, घातली, परत ओढली. उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "फर्स्टक्लास."

मी त्यांच्या मागं फुलांची परडी घेऊन उभी होते. काडी कोरडी होती. टोकाला जुन्या तेलाचा एक पुसट डाग, बस्स. मी स्पष्ट बघितलं, आणि मी गप्प बसले. का गप्प बसले, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळदा स्वतःला विचारलंय. एक म्हणजे, जिनं कधी बॉनेटला हात लावला नाही असं ठरलंय, तिला काडी वाचता कुठून आली? शनिवारांचं बिंग फुटलं असतं, तेही शून्यांना चार किलोमीटर राहिले असताना. दुसरं म्हणजे, तेलाच्या बाबतीत अण्णा चुकतील हे मला खरंच वाटलं नाही. उजेड वाकडा पडला असेल, आपल्यालाच नीट दिसलं नसेल, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण पहिलंच. मला माझी गाडी हवी होती.

कोहळा फुटला, चाकांखालची लिंबं चिरडली, आणि आम्ही तिघं निघालो. पुढं बॉनेटला केळीचे खांब, मागं माझ्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. वठार दारात उभं राहून बघत होतं. पहिला किलोमीटर सुरेख गेला. मग कुठूनतरी टिकटिक ऐकू यायला लागली. "हाराची दोरी पंख्याला लागतेय," अण्णा म्हणाले. टिकटिकीची खडखड झाली. आई म्हणाली, "अहो, थांबा की स्वल्प." अण्णा म्हणाले, "आता थांबायचं? दोन राहिले." चढ लागला, इंजिनातून कुणीतरी लोखंडी कपाट ओढावं तसा आवाज आला, आणि गाडी जागच्या जागी मेली. डायलवर नव्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. अण्णांनी किल्ली फिरवली. काहीच हललं नाही. त्यांनी आणखी एकदा फिरवली, मग हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले. काचेपुढं केळीची पानं हलत होती.

औषधाच्या दुकानातून मी काकाला फोन केला. तो स्कूटरवरून आला, तोवर दीड तास लोक आम्हाला चुरमुरे देत होते. काका रस्त्यावर आडवा होऊन खाली डोकावला, हात घातला, बोट बाहेर काढून बघितलं. मग उठून आत डोकावला. तांबड्या दिव्यावरचं कुंकू त्यानं नखानं खरवडलं.

"अण्णा, तेल कधी घातलंस?"

"सकाळी. निळा डबा. अख्खा."

"कुठं घातलंस?"

अण्णांनी बॉनेटकडे बोट केलं. काकाच पुढं म्हणाला, "खालचा नट नाही. वाटेत पडला असेल. रस्ते कसले झालेत बघतोस की." नट वाटेत पडलेला नाही हे त्याला कळलेलं होतं, रस्त्यावर तेलाचा थेंब नव्हता. घरी आलो तर नट पाटावर, विळी आणि अडकित्त्याच्या मधे, कुंकू लावून बसलेला. घमेलं काठोकाठ भरलेलं, वरून नवं सोनेरी, खाली जुनं काळं. काकानं त्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाला, "तेल मात्र चांगलं आहे." मग तो नट उचलायला वाकला तर आई आडवी आली. "भाऊजी, हात लावायचा नाही. उद्या उत्तरपूजा झाल्यावर." काकानं हात जोडले. गाडी त्या रात्री हार घालून रस्त्यातच उभी राहिली.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सोनं वाटताना ते काकाला अगदी शांतपणे म्हणाले, "एक लक्षात घे. यात तेलाचा दोष नाही. तेल इंजिनात नव्हतंच." हे बिनतोड होतं. माझ्या माहितीत एवढी लांब चाललेली परीक्षा हिच्याइतकी निकालाशिवाय दुसरी कुठली संपली नसेल. निळ्या डब्यानं गाडी लाख चालली असती का? कोण सांगणार! इंजिन मेलं ते तेलाविना, आणि तेलाविना स्वस्त-महाग दोन्ही सारखीच.

गाडी ओढून के. आर. पुरमला नेली. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा इंजिन उघडून पोत्यावर मांडलेलं होतं. पिस्टन मी हातात घेतलं. ते गोरंही नव्हतं आणि काळंही नव्हतं, नुसतं ओरखडलेलं होतं. काकानं विचारलं, "काडी कुणी बघितली?" मला एकदम रडू फुटलं. मी सगळं सांगितलं, कोरडी काडी, माझं गप्प बसणं, सगळं. मला वाटलं तो रागावेल. त्यानं फडक्याला हात पुसले.

"तू मागनं बघितलंस आणि तुला दिसलं. तो हातात धरून बघत होता, त्याला दिसलं नाही. नलू, काय झालं ते कळतंय का तुला?"

मला तोपर्यंत कळलं नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. अण्णा वर्तमानपत्र आईला मोठ्यानं वाचायला लावायचे, म्हणायचे, तुझा आवाज छान आहे. संध्याकाळनंतर गाडी काढायचेच नाहीत, इंजिनाला गारवा बाधतो म्हणून. दोन वर्षं आम्ही त्याला तेलाचं वेड समजत होतो. त्यांना काचबिंदू होता. तो शब्द आम्ही महिन्याभरानं डॉक्टरांकडे ऐकला, आणि जे गेलंय ते परत येत नाही हेही तिथंच ऐकलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काकाकडे बघवेना. तीन वर्षं मी रोज डायलवरचे आकडे बघत होते, आणि ते आकडे वाचणाऱ्या माणसाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं.

गाडी तयार झाली तेव्हा अण्णा आणि मी बसनं ती आणायला गेलो. काकानं इंजिन चालू करून दाखवलं. "परवा ट्रायलला शून्यं आली," तो म्हणाला. "सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. गॅरेजात कोपऱ्यात पिंप होतं. शेजारी फळीवर एक निळा डबाही होता. आत कुठलं तेल घातलंय हे अण्णांनी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मीही विचारलं नाही, आणि काका गेला तोवर त्यानंही कधी सांगितलं नाही. अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला, काकाकडून किल्ली घेतली आणि माझ्यापुढं धरली.

"चालव."

मी काकाकडे बघितलं. काका घाईनं म्हणाला, "अण्णा, मीच सांगणार होतो तुला, ती शनिवारी—"

"माहीत आहे. वर्षभर दर शनिवारी हिच्या ओढणीला ग्रीसचा वास येतोय. डोळे गेले म्हणून नाक गेलं नाही माझं."

ते डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि किल्ली फिरवताना माझ्या मनात एकच होतं, की त्यांनी ती परत मागावी. क्लचवर पाय ठेवू नकोस म्हणावं, रागवावं, काहीतरी चूक काढावी. त्यांनी काही काढली नाही. अलसूर मागं पडलं. मग मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी काडी कोरडी होती. मी बघितलं होतं."

"बघितलं असशील."

"मी बोलले नाही."

"मीही बोललो नाही. दोन वर्षं त्या रेघा दिसत नाहीत मला. अंदाजानं फर्स्टक्लास म्हणायचो." मग म्हणाले, "भारी तेल घातलेलं असलं की अंदाज सहसा चुकत नाही, असं वाटायचं."

पुढं एक मोठा चौक आला. सिग्नल तांबडा होता, मी गाडी थांबवली. आमच्यापुढं एकही गाडी नव्हती, दिवा अगदी समोर होता. अण्णा काचेकडे तोंड करून, ताठ बसले होते, अजूनही आपणच चालवतोय तसे. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "हिरवा झाला का गं?"

"नाही अजून," मी म्हटलं. "झाला की सांगते, अण्णा."